बंद घर, नंबर सतरा

चिमे,

सर्वांत मोठ्या न्यायालयातली पहिली बाई न्यायाधीश माझी धाकटी बहीण आहे, हे दूधवाल्यालाही दोनदा सांगून झालं.

तुझी मुलाखत वाचली. मतदानाला आई तुला घेऊन ठेवणीतले कपडे घालून गेली आणि यादीत नाव नाही म्हणून परत आली. त्याच दिवशी तू वकील व्हायचं ठरवलंस म्हणे. "मी तर इथेच राहते गं," असं ती वाटभर म्हणत होती, हेही तुझ्या लक्षात आहे. मला आठवतं, घरी येऊन तिने ते कपडे घडी घालून पेटीत ठेवले.

तेव्हा मी यादीच्या कचेरीत नवा कारकून होतो. माझं स्वतःचं नाव अजून यादीत चढायचं होतं. शिपायाने भरदुपारी कुलूप दिसलेल्या घरांचे नंबर आणले. तिथे पुन्हा जाऊन बघायचं, असा नियम होता. मी कंटाळा केला आणि खुर्चीत बसूनच प्रत्येकापुढे 'घर सोडून गेले' असं लाल शाईने लिहीत गेलो. त्या ओघात आपला सतरा नंबरही लिहिला. आई तेव्हा लाँड्रीत कामावर होती.

ती वारेपर्यंत तिला हे सांगितलं नाही.

आता नावं कापल्याचा खटला तुझ्यापुढे आहे, म्हणून हे पत्र धाडता येत नाही. माझी सोयच झाली. तिथे एखादा कारकून म्हणेल, दार बंद होतं. त्याला विचार, दुसऱ्यांदा गेला होतास का.

मला कुणी विचारलं नाही.

तुझा,
दादा