तोंडातली पिल्लं

बाई, माझ्या घरातला एक मासा गेल्या महिन्यात सतरा दिवस उपाशी राहिला. आजारी होता म्हणून नव्हे, त्याच्या तोंडात पिल्लं होती. ही गोष्ट जिला सांगावी अशी एकच व्यक्ती मला ठाऊक आहे, आणि तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली.

रानटी बेट्टा माशांची जोडी आहे. दुकानात बरणीत ठेवलेले, लांब झुलत्या शेपटीचे फायटर तुम्ही पाहिले असतील. हे त्यांचे जंगलातले भाऊबंद. करंगळीहून लहान, विटकरी अंगाचे. नराच्या परांना काळी किनार आणि तिच्याही कडेला एक पांढरी रेघ. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून मी ती आणली. बारामतीचं बोअरचं पाणी त्यांना सोसत नाही, म्हणून फिल्टरचं घालतो, त्यात देशी बदामाची वाळकी पानं टाकतो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. इंदापूरच्या कचेरीतून एसटीनं घरी आलो की हातपाय धुऊन आधी त्यांच्या काचेच्या टाकीपुढं बसतो. गच्चीवरच्या बादलीत त्यांच्यासाठी डासांच्या अळ्या वाढवतो आणि त्यावरून आईची बोलणी खातो. "लोकं डास मारत्यात, आन् ह्यो पाळतूय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

ह्या माशांत मादी अंडी घालते, वेचून नरापुढं टाकते आणि नर ती तोंडात घेतो. मग पिल्लं पोहण्याजोगी होईतो तो काही खात नाही. पहिल्यांदा त्याचा गळा फुगलेला दिसला तेव्हा मी हुरळून गेलो. शेजारपाजाऱ्यांना बोलावलं, मोबाईलचा उजेड पाडून दाखवलं, मादी आड आली तर काच वाजवून तिला हुसकलं. चौथ्या दिवशी गळा सपाट. घाबरून त्यानं सगळी अंडी गिळून टाकली होती. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. आणि मला शेळगावच्या ओढ्यावरची आपली दुपार आठवली.

मी सहावीत होतो. डोहाच्या काठाला मरळीची पिल्लं दिसली. तांबड्या ठिपक्यांचा एक घोळका, पाण्यावर उकळी आल्यासारखा. मी टॉवेलानं उपसली, दुधाच्या किटलीत भरली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्हाला भेट म्हणून. वर्गात काचेच्या बरणीत तुम्ही कालव्यातले मासे ठेवायच्या. मला वाटलं, आता बाई शाबासकी देणार. तुम्ही झाकण काढता, आत बघता, बराच वेळ बघता. मग विचारता, "यांचे आईबाप कुठंयत?"

"डोहात हायेत, बाई."

"त्यांना विचारलंस?"

सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. किटली उचलून माझ्या हातात दिलीत, छत्री घेतलीत आणि निघालात. मुख्याध्यापक व्हरांड्यात आडवे आले. "बाई, तास सोडून कुठं? पोर्शन कोण पुरा करणार?" तुम्ही थांबलाही नाहीत. "पोर्शनच पुरा करायला चाललेय, सर," म्हणालात. पुढं त्याबद्दल तुम्हाला लेखी खुलासा द्यावा लागला, हे मला खूप वर्षांनी कळलं.

ओढा दोन किलोमीटर. वाटेत तुम्ही मला एका शब्दानं रागावला नाहीत; किटली हिंदकळली की तेवढं "सावकाश" म्हणायच्या. काठाशी चिखल होता. तुम्ही निऱ्या खोचल्या, चपला काढल्या आणि पोटऱ्यांइतक्या पाण्यात उतरलात. किटली पाण्यात आडवी धरलीत. निम्मी पिल्लं मेली होती, ती तळाला राहिली. उरलेली बाहेर पडली आणि कुठं जावं ते न कळून तिथंच फिरत राहिली. आपण उभे. तेवढ्यात खालून एक काळं, हातभर लांबीचं अंग वर आलं आणि त्यांच्याखाली येऊन स्थिर झालं. तुम्ही माझं मनगट घट्ट धरलंत. "हलू नकोस," एवढंच म्हणालात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मोठं माणूस माशासाठी रडू शकतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. तुमच्याइतकं नीट बघणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

दुसऱ्यांदा गळा फुगला तेव्हा मी टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवलं, पाहुण्यांना दुसऱ्या खोलीत बसवलं. नर एका पानाखाली उभा राहायचा. मधूनच तोंडातली अंडी घोळवल्यासारखा जबडा हलवायचा. समोरून अळी वळवळत गेली तरी बघायचा नाही. दहाव्या दिवसानंतर तो खंगला. डोकं मोठं आणि अंग काडीसारखं दिसायला लागलं. आई माझ्याआधी उठून त्याला बघायला लागली होती.

"आरं, मरंल की त्यो. तोंड उघडून काडून घे की पोरं."

"न्हाय आई. त्याला ठाऊक हाय कधी सोडायची."

"आन् न्हाय सोडली तर?"

हात पाण्यात घालावा असं मला रोज वाटायचं. रोज मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचो.

सतराव्या दिवशी सकाळी आईनं हाक मारली. नरानं तोंड उघडलं आणि एक पिल्लू बाहेर आलं, भाताच्या शितापेक्षा लहान, पण अख्खा मासा. मग दुसरं. दुपारपर्यंत अकरा झाली. संध्याकाळी त्यानं पहिली अळी खाल्ली, तेव्हा आई टाकीला हात जोडून म्हणाली, "बाप आसावा तर आसा."

मागच्या रविवारी बारामतीतले चार-पाच मासे पाळणारे लोक बघायला आले होते. अकराही पिल्लं जगलेली पाहून एकानं विचारलं, "एवढा धीर कुठं शिकलात, साहेब?" बाई, मी म्हणालो, "मोबाईलवर बघून." तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. ते घेतलं असतं तर त्या अनोळखी लोकांसमोर रडू फुटलं असतं, आणि मला त्याची लाज वाटली.