हरणाबाईच्या पोटाचा फोटो

सांगली, ३ जून १९७४
साताऱ्याहून आले आणि नर्सच्या नोकरीवर रुजूही झाले! दवाखाना लहान, पण एक्स-रे फोटोचं यंत्र नवंकोरं. पोट तपासायचं तर खोलीत मिट्ट अंधार करतात. रोग्याला बेरियमचं पांढरं औषध पाजलं की हिरवट उजळलेल्या पडद्यावर आतडी काळी उमटतात. घाबरणाऱ्याला सुई देऊन गुंगी आणायची आणि त्याच्या श्वासावर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. राहायला मागची खोली मिळाली.

११ जून
माण तालुक्यातल्या हरणाबाई आल्या, सोबत मुलगा दादासो. दार लावताच बाई बाहेर पळाल्या. म्हणाल्या, "आवं बाई, जलमभर मेंढरामागं उघड्यावर निजल्याली मी. आत जीव घुसमटतोय." डॉक्टरांनी बजावलंय, उद्या अर्धीच सुई द्यायची, जास्त लागली तर त्यांना विचारायचं.

१२ जून
विचारलं नाही. बाहेर रांग होती, बाई गप्प बसेनात. उरलेली सुईही दिली. औषध पाजलं, दिवा मालवला. नाडीवर बोट हवं होतं. उकडत होतं म्हणून दाराशी उभी राहिले. दिवा लागला तेव्हा पांढऱ्या औषधाखाली ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी छाती दाबून पाहिली. गेल्या.
हृदय कमजोर होतं, असं दादासोला सांगितलं. तो माझ्या पाया पडला. "बाई, तुमी लय केलंसा."

१९ जून
कुपवाडच्या कारखान्यातला गुंडा नावाचा कामगार तपासणीला आला. धीट गडी, सुई दिलीच नाही. अंधारात म्हणाला, "माज्या शेजारी कोण म्हातारी निजलीया?" डॉक्टर हसले. मला मेंढरांचा वास आला.

२२ जून
डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. म्हणाले, तोंड उघडू नकोस, दवाखान्याचं नाव जाईल.

२५ जून
त्या खोलीत जाववत नाही. माझ्या खोलीचंही दार लावून घेतलं की जीव घुसमटतो. शेजारी कुणाचा तरी श्वास— थांबतो— मग मी माझा धरते.

२६ जून, दुपार
डॉक्टरांना म्हटलं, उद्या माणला जाऊन दादासोला खरं सांगते. ते म्हणाले, तुला विश्रांती हवी. हात धरून सुई दिली. पुरी दिली. दार ओढून गेले—

हात जड—

खाटेवर कुणीतरी बसलंय. नाडीवर बोट.

म्हटलं, हरणाबाई, तुमच्या लेकाला सांगणार होते, खरंच—

म्हणाल्या, "आता कवा, बाई? आता क