बिनतेलाच्या सॉसात नारळ

५ ऑक्टोबर, रविवार

तेलाचा डबा इफ्फतने आज शेजारच्या तुळसाला देऊन टाकला. भरलेला! मला विचारलं नाही. सून आहे, नवरा तिचा आहे. मी काय बोलणार?

तन्वीर दोह्याहून परत आला त्याला दोन महिने झाले. छत्तीस वय आणि हृदयात दोन स्प्रिंगा. डॉक्टरांनी तेल, तूप, दूध, अंडी, मटण, मासे – सगळं बंद केलंय. मासेवाली सवयीने दारात थांबते, मी मान हलवते.

हे गेले तेही असेच, छाती धरून. चार वर्षं झाली. त्यांचंही तेल मी बंद केलं होतं, तरी गेले. तन्वीर राहिला पाहिजे. बाकी काही नको.

९ ऑक्टोबर

तन्वीर जेवत नाही. उकडलेली भाजी बघून ताट सरकवतो. इफ्फत म्हणाली, दोह्याला दर शुक्रवारी पांढऱ्या सॉसातला पास्ता खायचा, फोनवर मिटक्या मारत सांगायचा. तिने मोबाइलवर बिनतेलाची, बिनदुधाची कृती काढली. व्हीगन म्हणतात म्हणे. मी स्वतः वाचली. इंग्रजी मला आता वाचता येतं. हे गेल्यावर नातीच्या, महरीनच्या, जुन्या पुस्तकांवरून शिकले. बँकेत, दवाखान्यात कोणाच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

फसला. कांदा पाण्यात परतायचा असं लिहिलं होतं. चाळीस वर्षं कांदा परतते आहे, पाण्यात कधी नाही. तो शिजतो, पण लाल होत नाही. वर फ्लॉवर उकडून वाटून घातला. महरीन म्हणाली, दादी, हे खायचं की भिंतीला लावायचं?

तन्वीर हसला. आल्यापासून पहिल्यांदा. मग भूक नाही म्हणाला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

जमला!

कांदा पाण्यातच शिजवला, पण लसूण गॅसवर सालासकट भाजला. फ्लॉवरऐवजी लाल भोपळा उकडून वाटला, बरोबर सहा भिजवलेले काजू, मिरपूड, आंबटाला एक आमसूल. चव आली, पण तुकतुकी येईना. मग आपलंच डोकं लावलं – अर्ध्या नारळाचा जाड रस काढून घातला. रंग असा आला की इफ्फत बघत राहिली.

तन्वीरने ताटली बोटाने पुसली. तुळसा वाटी घेऊन डोकावली होती, तिलाही दिला. म्हणाली, "हा तर आपल्या रसातल्या शेवयेचा जाडा भाऊस गो मैमुना!"

आज बरं वाटलं. हे असते तर त्यांनीही मागून घेतला असता. जहाजावर सगळ्या देशांचं खाल्लेला माणूस.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सॉस केला. तन्वीरने दोनदा वाढून घेतला.

३१ ऑक्टोबर

आता एक दिवसाआड करायला सांगतो. अंगावर थोडं मांस आलंय. नारळ संपले, तुळसाकडून चार आणले.

१० नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट आला. रक्तातली चरबी उतरायची ती वाढली.

डॉक्टर इफ्फतला रागावले. ती शपथेवर सांगत होती, घरात तेलाचा थेंब नाही. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी एकेक विचारत नेलं. नाश्ता काय, दुपारी काय, पास्त्यात काय. मीच म्हटलं, भोपळा, काजू, नारळाचा रस.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

दारात रिक्षातून उतरल्यावर इफ्फत हळूच म्हणाली, "अम्मी, अब्बांनापण आपण हाच रस घालत होतो."

तिने 'आपण' म्हटलं. पण कालवण मी करत होते. तन्वीरने ऐकलं आणि सरळ परसात निघून गेला.

११ नोव्हेंबर

खोबऱ्याचं तेल निघतं हे मला जन्मापासून ठाऊक आहे. डोक्याला तेच लावते. घाण्यावर मी स्वतः खोबरं नेलंय. तरी रसात तेल असेल हे मनात आलं नाही. तेल म्हणजे डब्यातलं. नारळ म्हणजे नारळ. तो आमच्यात कधी मोजलाच नाही.

ह्यांचं तेल बंद झाल्यावर कालवण बेचव लागू नये म्हणून मी रस दुप्पट केला होता. दीड वर्ष. रोज दोन वेळा.

१२ नोव्हेंबर

तन्वीर माझ्याकडे बघत नाही. ताट घेतो, खोलीत जाऊन जेवतो.

१३ नोव्हेंबर

ह्यांच्या दवाखान्याची फाइल काढली. इतकी वर्षं हात लावला नव्हता. त्यात पथ्याचा छापील कागद होता, इंग्रजीत. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. त्यांनीच पडवीत बसून वाचून दाखवला होता. तेल बंद, तळलेलं बंद, मीठ कमी. मी पाठ करून ठेवलं होतं.

आज मी वाचला. बोट ठेवून, एकेक शब्द. तेल, तळलेलं, मीठ. त्याच्याखाली चौथी ओळ आहे. खोबरं आणि नारळाचा रस पूर्ण बंद. डॉक्टरांनी पेनने खाली दोन रेघा मारल्यात.

ती ओळ त्यांनी वाचली नाही.

माझ्यासमोर बसून, माझ्याकडे बघत, तीन ओळी वाचल्या आणि कागदाची घडी घातली. का हो? जिभेसाठी? की मला काय येणार दुसरं, असं वाटलं? भांडायला तरी समोर पाहिजे होतात.

पण मग मी नाही मारलं. दोन दिवसांनी आज घास गिळला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पास्ता केला. भोपळा, भाजलेला लसूण, घट्टपणाला बटाटा. नारळ नाही, काजूही नाही. बरा झाला.

कागद दाखवायला दोनदा तन्वीरच्या दाराशी गेले. बापाला फार मानतो तो. परत आले. पण मुलाने असं तोंड फिरवलेलं मला सोसत नाही. उद्या दाखवणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी कागद घेऊन गेले. मी तोंड उघडायच्या आत तोच रडायला लागला. म्हणाला, "अम्मी, मला माहीत होतं. अब्बांनी दवाखान्यातूनच फोन केला होता, नारळाचं तिला सांगत नाही म्हणाले. मी हसलो. म्हटलं, नका सांगू, खा मजेत."

श्वास पुरत नव्हता त्याला. हात छातीवर होता.

मी कागद मुठीत दाबला. म्हटलं, "मलाही सांगितलं होतं त्यांनी. मी जाणून घालत होते. तुझा काही दोष नाही."

रडं थांबलं. श्वासही जागेवर आला. मग त्याने वर बघितलं, माझ्याकडे. असं त्याने मला कधी बघितलं नव्हतं.