वरच्या रेघेवरचं नाव

९ ऑक्टोबर, गुरुवार

सात महिन्यांनी आज चर्चला माझी आठवण झाली. तीही माझी नाही — कागदाची! वरच्या मजल्यावरची नर्सबाई जिना उतरताना दारात थांबली आणि छापील कागद पुढे केला. "बाकबाबा, एवढं भरून दारातल्या डब्यात टाका. स्मरणाच्या रविवारी वहिनींचं नाव वाचायला हवं ना?"

आत ये म्हटलं तर म्हणे, गॅसवर दूध आहे. सात महिने हिचं दूध उतूच जातंय.

बाकबाबा! चर्चमधले एकोणतीस बाक माझ्या हातचे. पाळक उभे राहून बोलतात ते पुलपिट माझं, ऑर्गनपुढचं स्टूल माझं. म्हणून हे नाव पडलं. आधी बरं वाटायचं. आता वाटतं, माणूस गेला आणि बाक राहिला.

१२ ऑक्टोबर, रविवार

उपासनेला गेलो नाही. खिडकीतून घंटा ऐकली. दोन ठोके कमी वाटले. मी नसलो की सगळं कमीच करतात.

बायको गेल्यावर पहिला महिनाभर वाट बघितली. पाळक दोनदा आले, दोन्ही वेळा मोबाइल वाजला. सेक्रेटरी तर रस्त्यात दिसला की असा वळतो, जणू मी वर्गणीची पावतीच घेऊन निघालोय. मग मीही जायचं सोडलं. कोणी विचारलं नाही, का येत नाही म्हणून. एकानेही नाही!

पण स्मरणाच्या रविवारी जायलाच हवं. वर्षभरात जे गेले त्यांची नावं पाळक त्या दिवशी एकेक करून वाचतात. एक नाव, घंटेचा एक ठोका, आणि त्या घरची माणसं उठून उभी राहतात. उभं राहायला कोणीच नसेल तर पाळक थोडं थांबतात, मग पुढचं नाव घेतात. ते थांबणं फार वाईट. मी ऐकलंय.

आम्हाला मूलबाळ नाही. तिच्यासाठी मी उभा राहीन. माझ्या वेळी पाळकांना थांबावं लागणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कागदावर दोन रेघा आहेत. खालची छपाई मुंगीएवढी. हे सेक्रेटरीचं नवं खूळ. आधीचे पाळक घरी यायचे, चहा घ्यायचे, नाव विचारून स्वतः लिहून घ्यायचे. आता कागद! आणि वर ताकीद — एका घरचा एकच कागद, खाडाखोड चालणार नाही. मी चौथी शिकलेला माणूस. फूटपट्टीवर माझा हात चालतो, अक्षरावर नाही.

नर्सबाई म्हणाली, "मी भरून देऊ का?" नको म्हटलं. बायकोचं नाव दुसऱ्याच्या हाताने कशाला?

१५ ऑक्टोबर, बुधवार

मापांच्या वहीत तिचं नाव अकरा वेळा गिरवलं. एकदाही सरळ आलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शुक्रवार आला की डोकं तापतं. शुक्रवारी गायनमंडळाची तालीम असायची. ती बावीस वर्षं गायली. आणि बावीस वर्षांत एक शुक्रवार मी चुकवला नाही! तालीम साडेसातला सुटायची. मी सातलाच टॉर्च घेऊन कोपऱ्यावर उभा. पाच मिनिटं उशीर झाला की जीव थाऱ्यावर नसायचा — रस्ता ओलांडताना पडली असेल, चक्कर आली असेल. मग तालमीच्या खोलीच्या दारातून डोकवायचो. ती दिसली की परत कोपऱ्यावर. बाकीच्या बायका हसायच्या. हसू देत! त्यांच्या नवऱ्यांनी कधी एवढी काळजी केली का?

मग तिच्या सख्ख्या भावाने तिला काढलं. ऑर्गन वाजवणारा, गायनमंडळाचा मुख्य, माझा धाकटा मेहुणा. घरी येऊन, माझा चहा पिऊन, माझ्या तोंडावर म्हणाला, "दाजी, ताईचा आवाज आता लागत नाही. तिला विश्रांती देऊ या." ती खाली मान घालून बसलेली. मी कप काढून घेतला त्याच्या हातातून. म्हटलं, या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस.

अकरा वर्षं झाली. त्याने ठेवला नाही.

त्यानंतर ती घरात गायलीच नाही. भांडी घासताना गुणगुणायची, पण मी आत आलो की गप्प. गळा दाबायला हातच लागतात असं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

गेलो नाही. कडी तीनदा तपासली, गॅस चारदा. कोणी हसायला नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज कागद भरला. आंघोळ करून, टेबल पुसून, खाली मासिक ठेवून. वरच्या रेघेवर माझं नाव, खालच्या रेघेवर तिचं. शिस्तीत. आयुष्यभर जे जे कागद भरले — रेशन, दवाखाना, तिच्या मृत्यूचा दाखला — सगळीकडे आधी अर्जदार. तिचं नाव मात्र खरंच छान आलं. शेवटचं अक्षर जरा घसरलं, पण छान.

वाळेपर्यंत फुंकत बसलो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

डब्यात टाकून आलो. चर्चमध्ये झाडणारी बाई होती, बाकी कोणी नाही. डावीकडचा चौथा बाक, आमचा — त्याचा पाय हलतोय. खाली पुठ्ठा घातलाय! मी जिवंत असताना माझ्या बाकाखाली पुठ्ठा! पुढच्या दोन ओळींत तर प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यात.

घरी आल्यावर शंका आली, कागद डब्यात नीट पडला का? परत गेलो. काडीने डबा हलवून बघितला. आवाज आला. बाई म्हणाली, "बाबा, काय पडलं?" म्हटलं, काही नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सेक्रेटरी भाजीवाल्यापाशी सापडला. विचारलं, माझा कागद मिळाला ना? "बाबा, सगळे मिळालेत, एकोणीस आहेत, टाईप झालेत." माझा बघितला का? "अहो, सगळे बघितले!" आणि कोथिंबीर घेऊन पळाला.

बघितला म्हणतो. बघू.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

कोट उन्हात टाकला. अंत्यविधीला घातला होता, तेव्हापासून तसाच. खिशात तिच्या औषधाची रिकामी पट्टी निघाली.

अंत्यविधीला मेहुण्याने ऑर्गन वाजवला. मग कबरीपाशी येऊन हात पुढे केला. मी नाही घेतला. त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी होती. तसाच हात पुढे करून उभा. कोणीतरी त्याला धरून बाजूला नेलं. हल्ली गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलीकडे असतो, सणासुदीलाच वाजवायला येतो म्हणतात. परवा येईल. येऊ दे. मला काय!

१ नोव्हेंबर, शनिवार

उद्या. पटकन उठता येईल ना? गुडघा धरला तर? घरात सात वेळा उठून बसलो. धरत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

कोटही काढला नाही. आधी लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

चौथ्या बाकावर कोणाचं तरी सहा जणांचं कुटुंब. मी मागे, खांबाआड. शेजारी नर्सबाई. तिने पेपरमिंट दिलं. मेहुणा ऑर्गनवर, पाठ आमच्याकडे. केस सगळे गेले त्याचे.

नावं सुरू झाली. ठोका, माणसं उभी. ठोका, माणसं उभी. मी बाकाच्या कडेला सरकून बसलो. बारावं नाव झालं. पाळकांनी तेरावं वाचलं.

माझं!

माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सगळं स्वच्छ. ठोका पडला.

मी पेपरमिंट गिळलं. वाटलं, आता सगळे वळून बघतील, हसतील, कोणीतरी ओरडेल — अहो, हा काय इथे बसलाय! एक मान वळली नाही. एकही! नर्सबाई पिशवीत काहीतरी शोधत होती. सेक्रेटरी छताकडे बघत होता. चाळीस वर्षं या लोकांच्या बुडाखाली मी बाक दिले, आणि माझं नाव कोणाला माहीत नाही. बाकबाबा मेला असता तर कळलं असतं. हा कोण, कोणाला ठाऊक!

पाळक थांबले. तेच ते थांबणं.

मग स्टूल करकरलं. माझ्या हातचं, आवाज मी ओळखतो. मेहुणा उठून उभा राहिला. एकटाच. एका हाताने ऑर्गनची कड धरून, पाठमोरा. खांदे हलत होते.

पाळकांनी चौदावं नाव घेतलं. मग सगळीच घेतली. एकोणीस. तिचं नाव आलं नाही.

आशीर्वादाच्या आधीच बाजूच्या दाराने निघालो. हे सेक्रेटरीचंच काम. मागे त्याने प्लास्टिकच्या खुर्च्यांचा बेत मांडला तेव्हा मी नावं ठेवली होती, त्याचा सूड! तिला वगळलं आणि मला मारलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

नर्सबाई सकाळीच. आज दूध गॅसवर नव्हतं, आत येऊन बसली. "बाबा, काल काय झालं ऐकलंत का! तुमचा मेहुणा ऑर्गनपाशी ढसाढसा रडत होता. विचारलं, काय झालं? म्हणे, माझे दाजी गेले आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही. मी म्हटलं, दाजी कसले गेले! आत्ता माझ्याशेजारी बसून पेपरमिंट चघळत होते!"

आणि हसली. मग तिचं तिलाच कळलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्हणजे ते नाव तुमचं होतं? इतकी वर्षं खाली राहता, मला खरंच माहीत नव्हतं हो."

चहा केला. साखर विसरलो, तिने तसाच प्यायला.

५ नोव्हेंबर, बुधवार

पाळक आले. मोबाइल बंद करून खिशात ठेवला, माझ्यासमोर. मी आधीच सुरू झालो — तुमच्या सेक्रेटरीने असं, तुमच्या सेक्रेटरीने तसं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पुस्तकातून कागद काढून टेबलावर ठेवला.

माझा कागद. माझं अक्षर. त्यांनी बोट ठेवून मुंगीएवढी छपाई वाचून दाखवली. वरच्या रेघेखाली — प्रभूत निजलेल्याचं, म्हणजे गेलेल्याचं नाव. खालच्या रेघेखाली — कागद देणाऱ्याचं.

म्हणजे मीच माझं स्मरण तिला करायला लावलं होतं. स्वतःच्या हाताने लिहून, फुंकून, वाळवून.

"चूक आमचीपण आहे," पाळक म्हणाले. "मी तुमचं खरं नाव विचारलंच नव्हतं कधी. येत्या रविवारी वहिनींचं नाव वाचतो. एकटं."

एकटं नाव तिला आवडलं नसतं. पण पुढच्या वर्षाचा काय भरवसा? तोवर दोन कागद लागले तर भरणार कोण? हो म्हटलं.

जाताना त्यांनी विचारलं, "मेहुण्यांना बोलावू?"

मी कागदाकडे बघत राहिलो. शेवटचं अक्षर जरा घसरलंय. म्हटलं, ऑर्गन वाजवायला कोणीतरी लागेलच ना.

९ नोव्हेंबर, रविवार

वाचलं. पूर्ण नाव, स्वच्छ. ठोका पडला. मी उठलो, गुडघ्याने त्रास दिला नाही. स्टूलही करकरलं. आम्ही दोघं उभे — मी चौथ्या बाकाशी, तो तिकडे. या वेळी तोंड माझ्याकडे होतं. बराच वेळ कोणी बसा म्हणालं नाही.

बाहेर पायरीवर तो म्हणाला, "दाजी." अकरा वर्षांनी हा शब्द ऐकला. मला तसं म्हणणारा जगात हा एकच आहे. मी म्हटलं, चल, चहा घे. यावेळी कप काढून घेणार नाही.

तोच दिवस, संध्याकाळ

तो आत्ता गेला. मीच विचारलं होतं, तुझ्या सख्ख्या बहिणीला काढलंस, तुझी जीभ कशी रेटली? त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी नाही काढलं, दाजी. तिनेच सोडलं. म्हणाली, ते कोपऱ्यावर उभे असतात, माझा जीव सगळा घड्याळात अडकतो, असं गाता येत नाही रे. पण त्यांना कळू देऊ नकोस. तू काढलंस असं सांग. तुझ्यावर रागावतील, ते त्यांना झेपेल."

दर शुक्रवारी, सातलाच. टॉर्च घेऊन. मला वाटायचं, तिला बरं वाटतं.