इन्सिडेंट शून्य

१ ऑक्टोबर
तीर्थपुरी. पूरमदतीच्या या संस्थेत आजपासून सुरक्षा अधिकारी मी. फिल्डवर गेलेला कर्मचारी धडधाकट माघारी आला पाहिजे, ही जबाबदारी आता माझ्या डोक्यावर. रूपाली मॅडम, म्हणजे जालन्याच्या मोठ्या साहेब, फोनवर म्हणल्या, कारभारी, हा महिना एकही इन्सिडेंट न होता काढा, महिनाअखेर तुम्हाला कायम करते. म्हणलं, मॅडम, काढलाच समजा. पुण्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग काय उगाच केलंय? आमच्या ट्रेनरनं असे असे देश पाहिलेत की तिथं लोक गोळीबारात डबा खातात. त्यापुढं घनसावंगी तालुका किस झाड की पत्ती. तरी गाफील राहायचं न्हाई.
प्रोबेशनचं आकांक्षाला बोललो न्हाई. लग्नाच्या बैठकीतच सासऱ्यांना 'कायम' सांगून ठेवलंय, आता बायकोला काय घाबरवायचं.
आजचे इन्सिडेंट: शून्य.

३ ऑक्टोबर
नियम काढले. संध्याकाळी सहानंतर माझ्या लेखी परवानगीशिवाय गाडी हलणार न्हाई. ऑफिसच्या चॅनल गेटला आतून बारीक जाळी ठोकून घेतली. कुलपापाशी एक भोक ठेवलं, तीन बोटं जातील एवढं. अन् कुलूप बाहेरून! चावी दीपमालाकडं, ती फिल्डचं काम बघते. आतल्या माणसाकडं चावीच न्हाई म्हणल्यावर चोर कुणाला दम देऊन उघडायला लावणार? हे माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालं, ट्रेनिंगमधे नव्हतं.
पुंजाराम ड्रायव्हरनं विचारलं, अन् साहेब, आत आग लागली तर? म्हणलं, आगीचा नियम पुढच्या आठवड्यात.
शून्य.

५ ऑक्टोबर
काल बाजारात मिरचीची भजी खाल्ली. रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. एकदम लक्षात आलं की एवढा मोठा धोका आपण विसरूनच गेल्तो. नवा नियम: फिल्डवर कुणाच्याही घरी काही खायचं न्हाई, प्यायचं न्हाई. पाणीसुद्धा न्हाई.
दीपमालाचं तोंड लगेच वाकडं. म्हणाली, सर, नदीकाठच्या वस्तीवर हे बिलकुल चालायचं न्हाई. ती आमची बौद्ध वस्ती, माझी मावशी राहते तिथं. तिथं पाणी नाकारलं की लोक त्याचा एकच अर्थ काढतात. मी म्हणलं, दीपमाला, माझ्या नियमाला जातबित कळत न्हाई, जंतूला कळते का? वाक्य मलाच लई आवडलं. पुण्याला कधी भाषणाला बोलावलं तर वापरीन.
शून्य.

९ ऑक्टोबर
वस्तीनं किट परत पाठवले. तांदूळ, डाळ, ताडपत्री, सगळं. टीमपुढं चहा आल्ता, टीमनं नियमाप्रमाणं कपावर हात ठेवले. त्यावर दीपमालाची मावशी, गिरिजाबाई नाव, म्हणाली म्हणे, ज्यांना आमचं पाणी चालत न्हाई त्यांची डाळ आमच्या चुलीवर शिजत न्हाई. सांगताना दीपमालाच्या डोळ्यात पाणी. पोरगी भावनाप्रधान आहे. फिल्डला असं चालत न्हाई.
पण घरात पुराचं पाणी शिरून भिंती पडल्या, अन् ही माणसं डाळ परत करतात! मला खरंच समजून न्हाई राह्यलं. असो. कुणाला खरचटलं न्हाई, म्हणजे शून्य.

१० ऑक्टोबर
मॅडमचा फोन. आवाज एकदम गोड, तेव्हाच ओळखलं. स्वतः जा, समजूत काढा. वस्तीवर किट पोचले न्हाई तर तुमचं कायमचं मी विसरून जाईन, म्हणल्या.
प्लॅन पक्का. स्वतःची पाण्याची बाटली, गळ्यात शिट्टी, अर्ध्या तासात समजूत, पाचला माघारी.

११ ऑक्टोबर, संध्याकाळी
गिरिजाबाईच्या पडवीतून लिहितोय. मला ओलीस धरलं आहे, असं वाटून राह्यलंय.
पुंजारामनं दुपारी सोडलं. गाडी अन् अधिकारी एका जागी ठेवू नये म्हणून मीच त्याला माघारी धाडलं. इथं नियम समजावून सांगितला. कुणी भांडलं न्हाई, ओरडलं न्हाई. खुर्ची दिली अन् ऐकून घेतलं. हेच संशयास्पद. अप्पाराव म्हणून एक म्हातारे उठता उठता एवढंच म्हणले, बराबर हाय साहेब, नियम म्हणल्यावर नियम. परत पहिल्यापासून समजावलं. त्यात पाच वाजून गेले. पुंजारामला फोन केला तवर सहा वाजून गेल्ते. तो म्हणतो, साहेब, लेखी परवानगी लागंल. म्हणलं, अरे मीच देतो की. म्हणे, लेखी. मेसेज टाइप करताना बॅटरी गेली. चार्जर गाडीत.
बाटली तीनलाच संपली. हे ऊन ऑक्टोबरचं न्हाई, वैशाखाचं आहे. बरोबर समोर रांजण. त्यावर ओलं फडकं. येणारा जाणारा पाणी पितो, माझ्याकडं बघतो, जातो. मला कुणी विचारत न्हाई. नियम त्यांना बराबर समजलेला दिसतो.
लिहायला हरकत न्हाई, हे वाचायला कोण येतंय: भीती वाटून राह्यली. कशाची ते सांगता येईना.

१२ ऑक्टोबर
गिरिजाबाईनं बाज दिली, पांघरूण दिलं. पाण्याचं नाव न्हाई. जिभेचा नुसता लाकडाचा तुकडा झाल्ता. सकाळी नाइलाजानं म्हणलं, मावशी, पाणी मिळेल का?
ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मागायचीच वाट बघत व्हते. आम्ही पुढं करावं अन् तुम्ही हात आडवा धरावा, ते लई लागतं, साहेब."
तीन तांबे प्यालो. मंग पिठलं, भाकरी अन् ठेचा. असा ठेचा मी जन्मात खाल्ला न्हाई. पोटाला काही झालं न्हाई, उलट आठवड्यात पहिल्यांदा ठीक वाटलं. दुपारी पुंजाराम दीपमालाला अन् किट घेऊन आला, वस्तीनं सगळे किट उतरवून घेतले. म्हणजे माझी वाटाघाटीची पद्धत बराबर होती.
संध्याकाळी आईचा फोन. रात्री कुठं राह्यलास, कुणाकडं जेवलास? म्हणलं, गेस्ट हाऊसला. कर्मचाऱ्यांचा ठावठिकाणा गुप्त ठेवावा, हे ट्रेनिंगमधेच आहे.
शून्य. ओलीस प्रकरण धरलं न्हाई, कारण सुटका झाली.

१५ ऑक्टोबर
मॅडमचा आदेश: सुरक्षा अधिकाऱ्यानं दीपमालाशिवाय ऑफिसच्या बाहेर पडू नये. अखेर माझ्या जिवाची किंमत कळली म्हणायची. पुंजाराम मात्र सांगून राह्यला की मॅडमनी गिरिजाबाईला फोन केल्ता, अन् ती म्हणाली, माणूस वाईट न्हाई, पण एकटं धाडू नका, घाबरतं. पुंजारामला मीठमसाला लावायची सवय आहे.
फिल्डवर पाण्याला परवानगी दिली. लेखी.

२३ ऑक्टोबर
सकाळी टीम जाते, बाहेरून कुलूप. संध्याकाळी येते, कुलूप निघतं. दिवसभर मी अन् पंखा. लाइट गेली की नुसता मी. ऑफिस शंभर टक्के सुरक्षित आहे.
शून्य.

३१ ऑक्टोबर
कायम झालो! सकाळी मॅडमचा फोन. पुंजारामकडून लगेच पावशेर पेढे मागवले. टीमनं एक एक तोंडात टाकला, बाहेरून कुलूप लावलं अन् फिल्डवर गेली. आकांक्षाला सांगावं म्हणलं, तर तिच्या लेखी मी पहिल्यापासूनच कायम.
अशात गेटवर गिरिजाबाई. बाजाराला आल्ती. उन्हात घामाघूम, हातात पिशवी. म्हणाली, तुम्हाला ठेचा आवडला व्हता, डबीत घालून आणला. मला एवढा आनंद झाला, काय सांगू. या महिन्यात मला भेटायला म्हणून आलेलं हे पहिलं माणूस. डबी काही जाळीतून आत येईना, तिनं पायरीवर ठेवली. मी भोकातून पेढा दिला. पेढा बराबर गेला. म्हणलं, मावशी, कायम झालो. तिनं हात वर करून आशीर्वाद दिला.
मंग म्हणाली, जरा पाणी द्या, घसा पार वाळला.
तांब्या भरून आणला. जाईना. पेला जाईना. बाटलीचं तोंड तेवढं भोकातून बाहेर निघालं. मी घाईत म्हणलं, "मावशी, ओंजळ करा, वरून ओततो."
ती बघतच राह्यली. मलाही ऐकू आलं मी काय बोललो ते, पण बाटली हातात तशीच धरलेली. थोडं पाणी तिच्या चपलांपाशी सांडलं.
हळू म्हणाली, "ओंजळीनं प्यायचं माझ्या सासूसंगं सरलं, साहेब."
मी सांगत राह्यलो की तसं न्हाई, जाळी आहे, चावी दीपमालाकडं आहे, मला आतून उघडता येत न्हाई. ती म्हणाली, दिसतंय की. हातातला पेढा तिनं डबीवर ठेवला अन् समोरच्या हॉटेलात गेली. तिथं गिलासानं पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं. मला सगळं दिसत होतं. मी दोनदा शिट्टी वाजवली. तिनं वळून बघितलं न्हाई.
लई वाईट वाटून राह्यलंय. आजचा आकडा उद्या लिहीन.
ठेच्याची डबी पायरीवर, तिच्यावर पेढा. टीम यायला अजून वेळ आहे. भोकातून बोटं घालून बघितली, पुरत न्हाईत.