रिकामं भांडं परत देऊ नये

सोमवार, २३ ऑक्टोबर २००६, ब्लॅकपूल

पोचले! खोली मिळाली, बॅग रिकामी झाली, खिडकीतून दोन घरांच्या मधून समुद्राची जेमतेम बोटभर पट्टी दिसते आहे, आणि मी स्वतःवर बेहद्द खूष आहे.

आठवडाभर कॅसिनोतल्या मशीन्सचं नवं सॉफ्टवेअर तपासायचं आहे. चुका काढणं हा माझा धंदाच. सुश्रुत म्हणतो, घरीही तू तेच करतेस, तिथे निदान पगार मिळतो. राहण्यावरून आमचं मिल्टन कीन्समध्येच वाजलं होतं. त्याचं म्हणणं, अगं, कॅसिनोला लागून असलेलं हॉटेल घे ना, सगळं इन्क्लुडेड आहे, उगाच कशाला अ‍ॅडव्हेंचर. मी आज ते हॉटेल पाहून आले. गालिच्यात वर्षानुवर्षांचा सिगारेटचा वास मुरलेला, लिफ्टमध्येसुद्धा मशीन्सची टिणटिण, आणि दुपारी तीन वाजता बारमध्ये झिंगलेली माणसं. शनिवारी सुश्रुत सानिकाला रोषणाई दाखवायला घेऊन येणार. सहा वर्षांच्या पोरीला मी असल्या जागी ठेवणार नाही. म्हटलं, समुद्रामागच्या गल्ल्यांत चांगली शंभर गेस्ट हाउसेस आहेत, आपण आपल्या पसंतीने शोधू.

गल्लीत मात्र माझं फार काही स्वागत झालं नाही. पहिल्या घरात खिडकीत ‘व्हेकन्सीज’ची पाटी होती, पण मालकिणीने माझं तोंड पाहिलं आणि घर भरलंय म्हणाली. दुसरीने तर मी बोलत असतानाच हात लांब करून पाटी उलटी केली. तिसऱ्या घराने कुत्रं सोडलं नाही एवढंच. चौथं हे ‘ब्रॅकन ली’. जेवणघर आधी पाहून घेतलं. शितावरून भाताची परीक्षा. टेबलक्लॉथ कडक इस्त्रीचे, चमचे लखलखीत. घेतली खोली.

मालकीण मिसेस एन्टविसल साठीची, वाळक्या शेंगेसारखी बाई. हसणं बहुधा तिच्या टॅरिफमध्ये बसत नाही. तिने नियम सांगितले: नाश्ता साडेआठ ते नऊ, नंतर बाहेर पडायचं आणि पाचच्या आत परत यायचं नाही. बाकीचे पाहुणे सगळे म्हातारे. मी गुड आफ्टरनून म्हटलं तर एकानेही मान वर केली नाही. नसू देत. मी इथे मैत्रिणी जोडायला आलेले नाही.

संध्याकाळी मात्र गंमत झाली. दारावर टकटक. बाहेर कोणी नाही, पायाशी पांढऱ्या बाऊलमध्ये गरमागरम सफरचंदाचा क्रम्बल, वर कस्टर्ड. म्हणजे बाई वरून फणस आहे तर. सुश्रुतला लगेच फोन करून सांगितलं, माझी निवड कधी चुकत नाही.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

सकाळी बाऊल परत द्यायला गेले. रिकामं भांडं परत देऊ नये, हे आमच्या हाडीमांसी खिळलेलं. एजवेअरच्या बँकवाल्या मावशी असोत की शेजारची आयरिश म्हातारी, भांडं आलं की त्यात काहीतरी घालूनच जातं. दिवाळी परवाच झाली, फराळाचा डबा बरोबर होताच. बाऊलमध्ये दोन बेसनाचे लाडू ठेवले.

बाईने बाऊलकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. हे तू स्वतःच्या हातांनी केलंस का, असं तिने विचारलं. मी अभिमानाने हो म्हटलं. बेसन मंद आचेवर मीच भाजलंय, खांदा अजून दुखतोय. मग ती तिथेच, जेवणघराच्या दारात, उभ्याउभ्या दोन्ही लाडू खाऊ लागली. म्हणजे अक्षरशः कोंबू लागली. डोळ्यांतून पाणी. खाली पडलेला चुरा बोटाने टिपून खाल्ला. मागे सगळ्या टेबलांवरचे काटे-चमचे थांबलेले. एक म्हातारा बायकोला म्हणाला, ‘धिस वन विल डू.’ मला वाटलं, लाडवाबद्दल बोलतोय.

कौतुक आवडतं मला, नाही कशाला म्हणू, पण हे काही बरं वाटलं नाही. दिवसभर काम रटाळ झालं. कॅसिनोतला मॅनेजर माझ्या चुकांच्या यादीवर फिस्कारला. संध्याकाळी परत आले तर खोलीच्या दारामागच्या हुकावर एक निळा एप्रन टांगलेला. मी तो काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवला.

बुधवार, २५ ऑक्टोबर

एप्रन परत हुकावर.

खाली गेले तर माझं टेबल उचललेलं. मिसेस एन्टविसलचा पत्ता नाही. सगळे पाहुणे आपापल्या जागी, रिकाम्या ताटल्यांपुढे, माझ्याकडे बघत बसलेले. मी विचारलं, बाई कुठे आहेत. एकाने चमचा टेबलावर आपटायला सुरुवात केली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. त्या नजरांत जेवढा राग होता तेवढा मी कुणाचं काही चोरलं असतं तरी पुरला असता.

मी संतापून स्वयंपाकघरात गेले, म्हटलं, निदान चहा तरी करून घेऊ, आपला हात जगन्नाथ. चहा केला. आणि मग — हे मला नीट लिहायचं आहे, कारण मलाच पटत नाही — मी सगळ्यांचा नाश्ता केला. आमच्या घरात अंडं येत नाही. मी बेकनची पट्टी आयुष्यात हातात धरलेली नाही. आज मी ती तव्यावर टाकली, उलटली, रक्ताचं काळं पुडिंग कापलं, आणि कुठला डबा कुठल्या फळीवर आहे हे मला न शोधता कळत होतं. कोणाला टोस्ट करपलेला लागतो हेही. ताटल्या नेऊन ठेवल्या. कोणी थँक यू म्हटलं नाही.

हात धुतले. पुन्हा धुतले. वास जात नाही.

दुपारी भूक लागली म्हणून सँडविच घेतलं. तोंडात कागद चघळतेय असं वाटलं. परत आल्यावर माझ्याच डब्यातला लाडू खाऊन पाहिला. वाळू. थुंकून टाकला. सर्दी होत असेल. सुश्रुतचा फोन आला होता, त्याला काही बोलले नाही. ‘सांगितलं होतं मी’ हे मला ऐकायचं नव्हतं. उद्या गुपचूप कॅसिनोच्या हॉटेलात जाईन आणि त्याला सांगेन की ऑफिसनेच हलवलं.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

मिसेस एन्टविसल गेली.

नाश्ता संपला तशी खाली आली, हातात बॅग, अंगावर माझा लाल कोट. मी कोट मागितला नाही. ती हसत होती. हसली की बरी दिसते. तिने मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं, शांतपणे, रेसिपी सांगावी तसं.

ती स्वतः तरुण मुलगी होती तेव्हा बहिणीबरोबर सुट्टीला इथे आली होती. तेव्हाच्या मालकिणीची दया आली म्हणून घरून आणलेला, स्वतः केलेला अ‍ॅपल पाय तिने त्या बाईला खाऊ घातला. बस, तेवढंच. पाहुण्याने खावं, पैसे द्यावेत, निघून जावं. जो या घराला खाऊ घालतो तो पाहुणा राहत नाही, घरचा होतो. मग त्याला कुठल्याच अन्नाची चव लागत नाही, पोट भरत नाही, आणि मरणही येत नाही. दुसऱ्या कोणी स्वतःच्या हातचं आणून दिलं आणि आपण ते खाल्लं, तरच आपली सुटका. मग तो राहतो, आपण जातो. ती इतकी वर्षं थांबली, कारण इथले पाहुणे मालकिणीला खाऊ घालत नाहीत. हक्काने खातात आणि तक्रारी करतात.

जाताना ती म्हणाली, मी तुझ्याकडे मागितलं नव्हतं हं. दोनदा म्हणाली. मग ट्रामच्या स्टॉपकडे पळत गेली. साठीची बाई, पोरीसारखी पळत.

वेड लागलंय तिला, असं मी मोठ्याने म्हटलं. बॅग भरली. स्टेशनवर गेले. तिकीट काढलं, डब्यात चढले, खिडकीशी बसले, गाडी हललीसुद्धा. आणि मी मागच्या दाराशी उभी होते, एका हातात पावाच्या लाद्या, दुसऱ्या हातात अंड्यांचा ट्रे.

पुन्हा गेले. पुन्हा मागचं दार. या वेळी दूध.

कॅसिनोत गेले तर मॅनेजरने मला ओळखलं नाही. तुम्ही गेस्ट हाउसवाल्या बायका इथे पत्रकं वाटायला येऊ नका, म्हणाला, आणि गार्डने कोपराला धरून बाहेर काढलं. आरशात पाहिलं. मीच आहे. मला तरी मीच दिसते.

मला भीती वाटते आहे. आईला हाक मारावीशी वाटते आहे.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

नाश्ता. भांडी. चादरी. ते लोक फक्त चमचे आपटतात.

भूक. ही भूक कशी ते सांगता येत नाही. उपासाची नाही. टेबलक्लॉथ चावून पाहिला.

सुश्रुतचा फोन. सांगायचं होतं — येऊ नकोस, सानिकाला आणू नकोस, काहीही झालं तरी आणू नकोस. तोंड उघडलं आणि इंग्रजीत बाहेर पडलं ते डबल रूमचे दर, समुद्र दोन मिनिटांवर, नाश्ता साडेआठ ते नऊ. तो हसत सुटला. म्हणाला, वा, तू तर एकदम लँडलेडीच झालीस की! अ‍ॅक्सेंटसुद्धा परफेक्ट! मी रडत होते. माझा आवाज हसत होता.

मग सानिका फोनवर आली. बाबाने बेसन भाजलं आणि मी लाडू वळले, म्हणाली. सगळे मीच. एकसुद्धा बाबाने नाही. तू सोमवारी डबा नेलास ना, तो संपला असेल म्हणून. आई, तुझ्यासाठी.

फोन ठेवला. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

हे मी लिहून ठेवते आहे, म्हणजे मला नाकारता येणार नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

खाणार नाही. तिच्या हातचं खाणार नाही. मी इथे कुजेन, पण खाणार नाही.

शनिवार, २८ ऑक्टोबर

सकाळी पाटी उलटी केली — ‘नो व्हेकन्सीज’. दाराला कडी, वरचा खटका, खालचा खटका.

ठरवलंय. दार उघडायचं नाही. सुश्रुत आणि सानिका इथून कंटाळून जातील, कॅसिनोच्या हॉटेलात राहतील. तिथल्या वासात, टिणटिणीत. किती छान जागा आहे ती —

चिठ्ठी लिहिली सुश्रुतसाठी. वाचून पाहिली तर त्यावर आजचा मेन्यू. फक्त या वहीत शब्द माझे राहतात. का ते माहीत नाही. वहीच त्याला द्यायची. दारातल्या लेटरबॉक्सच्या फटीतून बाहेर टाकायची.

आले.

पडद्याआडून पाहिलं. सानिकाने पिवळी टोपी घातली आहे. नाक लाल झालंय वाऱ्याने. सुश्रुतने बेल वाजवली. खिडकीत मी दिसले त्याला. मी मान हलवली — जा, जा. तो इंग्रजीत म्हणाला, एक्स्क्यूज मी, माझी बायको इथे उतरली आहे, आसावरी नावाची. अगदी अदबीने. परक्या बाईशी बोलतात तसा.

सानिका माझ्या हातांकडे बघत होती.

तो शेजारच्या घरात चौकशीला गेला. तिला म्हणाला, इथेच पायरीवर बस, हलू नकोस.

बाळा, तूही जा ना त्याच्याबरोबर —

मागे सगळे म्हातारे जेवणघरातून उठून जिन्यापाशी आलेत. चमचे घेऊन. उभे आहेत. आपटत नाहीत. वाट बघताहेत.

वही टाकायला फटीशी बसले आहे. एवढं लिहून टाकते. सुश्रुत, हे वाच आणि तिला उचलून पळत सुट, मागे —

फटीचं झाकण बाहेरून उचललं गेलं.

तिचे डोळे. मराठीत म्हणाली, आई, तू आहेस ना? हे लोक तुला खायला देत नाहीत का?

डबा उघडल्याचा आवाज. वास. देवा, तुपाचा वास —

बोटं आत आली आहेत. इवलीशी. लाडू फटीत मावत नाही म्हणून तिने अर्धा केलाय.

दूर हो सोनू. मी ओरडले. बाहेर काय गेलं कोण जाणे, ती हसली.

मी उठणार आहे. उठून आत जाणार आहे. आत्ता. हा शब्द संपला की

फक्त वास घेते. खाणार नाही, ओठांना लागलं तर

तीच देते आहे. मी मागितलं नव्हतं. मी तिच्याकडे मागितलं नव्ह