पंपावरचं कुलूप

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन भाऊजी उचलतात, आणि सध्या त्यांचा आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं. नवरा तुझा असला तरी मॅनेजर माझा आहे, तेव्हा गाऱ्हाणं तुलाच ऐकावं लागणार.

तेलविहिरींची कामं मिळेनाशी झालीत, कंपनी गाळात चाललीये, हे आम्हालाही कळतं. पण काटकसरीला काही ताळतंत्र? यार्डातला चहा बंद. हातमोजे फाटले तर शिवून वापरा म्हणे. आणि त्याच आठवड्यात सगळे पंप निळ्या रंगाने चकाचक करून घेतले, कारण गिऱ्हाईक पाहणीला येणार! भिंतीवर मोठी पाटीही लावलीये, आपण सगळे एक कुटुंब. मला तर ती वाचून हसावं की रडावं कळेना.

रंगाखाली काय आहे ते ऐक. विहिरीत भयंकर दाबाने सिमेंट ढकलणाऱ्या मोठ्या पंपाचा होजपाइप आतून सोललाय. गेल्या वर्षी असाच पाइप फुटून आमच्या वेल्डरचा हात गेला. तो आता गेटवर बसतो आणि डाव्या हाताने सलाम करतो. मी नवा पाइप मागितला, तर भाऊजींनी तोंडाला पानं पुसली. एवढं एक काम निघू दे, मग बघू, म्हणाले.

म्हणून मी पंपाच्या मुख्य स्विचला माझं कुलूप घातलं. आमच्याकडे प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं कुलूप मिळतं. यंत्र धोक्याचं वाटलं की ते लावायचं. ज्याने लावलं त्यानेच काढायचं, मॅनेजरनेही हात लावायचा नाही. तरी काल किल्ली द्या म्हणून निरोप आलाच. किल्ली या पाकिटात घातलीये. आता माझ्याकडे नाही, असं मी बेधडक सांगणार.

माझा राग तुझ्या वाट्याला आला, तरी माया कमी करू नकोस.
तुझा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शहाणाच आहेस! पाकीट उघडलं आणि किल्ली पडली ती नेमकी ह्यांच्या ताटाशेजारी. माझ्या शिवणाच्या डब्याची आहे, असं मी ठोकून दिलं. हे अर्ध्या जेवणावरून उठले.

मोठे साहेब रोज ह्यांच्यावर आगपाखड करतात. हे काम हातचं गेलं तर यार्डच बंद करू, म्हणतात. वहिनीचे दिवस भरत आलेत, घरात बसलास तर काय करणार आहेस? आणि एक विचारते, चिडू नकोस. ह्यांनी तुला बढती दिली नाही, तो राग तर नाही ना त्या कुलपात? खरं काय ते कळव.

जपून राहा, आणि वहिनीला तुझा आरडाओरडा ऐकवू नकोस.
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग आहेच. बढतीचा आहे, चहाचा आहे, त्या पाटीचा तर सगळ्यात जास्त आहे. पण माझ्या रागाने पाइप सोलत नाही गं! आतल्या रबराचा तुकडा मी बोटांनी ओढून काढलाय.

काल मला घरी बसवलं. कुलूप कापायचा मोठ्या साहेबांचा हुकूम आहे, आणि कापायला खुद्द भाऊजी सोमवारी येणार आहेत. तुझी वहिनी बाळाची दुपटी घडी घालते, मोडते, पुन्हा घालते. मला भीती वाटते, ताई. पण किल्ली देणार नाही. भाऊजींना एवढंच विचार, पंप सुरू होताना ते त्या पाइपाशेजारी उभे राहतील का?

तू तरी तोंड फिरवू नकोस.
धाकटा

१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विचारलं. ह्यांनी लोखंड कापायची कात्री गाडीत टाकली आणि निघून गेले. दिवसभर मी तुम्हा दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घातल्या.

संध्याकाळी आले ते ग्रीस लागलेल्या शर्टाने. गेट वेल्डरने उघडलं म्हणे, डाव्या हाताने, आणि माझी खुशाली विचारली. नंतर ह्यांनी पाइपात हात घालून पाहिला. कात्री तशीच परत आली आहे.

ह्यांच्याही नावाचं एक कुलूप होतं, माहीत आहे ना? इतकी वर्षं ते ऑफिसच्या कपाटाला लावलेलं. ते काढून नेऊन ह्यांनी तुझ्या कुलपाशेजारी लावलंय. मोठ्या साहेबांना फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडचा आरडाओरडा मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

लगेच हुरळून जाऊ नकोस. काम गेल्यातच जमा आहे, यार्डाचं काय होणार ते ह्यांनाही ठाऊक नाही, आणि तुझ्यावर हे अजून फुगलेलेच आहेत. पाइप आतून सोललाय हे तू नीट समजावून सांगितलंच नाहीस, नुसता भांडलास, असं ह्यांचं म्हणणं. मला ते अगदीच खोटं वाटत नाही.

ह्यांनी आपली किल्ली माझ्याकडे दिली. शिवणाच्या डब्यात ठेव, म्हणाले. तुझीही तिथेच आहे. नवा पाइप आला की दोघं मिळून न्यायला या, एकट्याला मी देणार नाही.

वहिनीला जवळ घेऊन सांग, ताई तिच्या पाठीशी आहे.
ताई